गाडी मालकाची, वर्दी शाळेची, पाय ड्रायव्हरचा

शाळेच्या बसचा ड्रायव्हर जखमी होतो तेव्हा तो दर वेळी स्टिअरिंगवर असतोच असं नाही. टायर बदलताना जॅक सरकतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडताना वाफ तोंडावर येते. पहाटे अंधारात बस धुताना ओल्या फरशीवर माणूस कमरेवर आपटतो. सुट्टी झाल्यावर दारात मुलांची रेटारेटी होते, ती आवरताना दार बोटांवर बसतं. लेबर कोर्टात या माणसांची वकिली करताना एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते यायची वाटच पाहतो: "साहेब, तशी चूक माझीच होती." शेजारी बसलेली बायकोही मान डोलावते. मालकाने हॉस्पिटलात येऊन तेच सांगितलेलं असतं, आणि दोघांनाही ते पटलेलं असतं.

माझं पहिलं काम म्हणजे ते वाक्य त्यांच्या डोक्यातून काढणं. कारण या कायद्यात चूक कोणाची, हे कोणी विचारतच नाही.

कायदा १९२३ सालचा. आधी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत, २००९च्या दुरुस्तीनंतर तो कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाला. गिरण्या, गोद्या आणि रेल्वे डोळ्यांसमोर ठेवून इंग्रजांनी केलेल्या या कायद्याचा गाभा साधा आहे. काम करत असताना आणि त्या कामामुळे अपघात झाला, की भरपाई मालकाने द्यायची. मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही, आणि कामगाराची बेफिकिरी दाखवून मालक सुटत नाही. अपवाद मोजके आहेत: दारू किंवा नशेचा अंमल, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. आणि तिथेही माणूस दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर हे अपवादही मालकाच्या कामी येत नाहीत. ड्रायव्हर या कायद्यात बसतो का, हा वादही फार पूर्वी मिटला. व्याख्येतच मोटार वाहनाच्या संदर्भात ड्रायव्हर, मदतनीस, मेकॅनिक आणि क्लीनर असे शब्द आहेत. हंगामी किंवा बदली म्हणून ठेवलेला माणूस बाहेर ठेवण्याची पळवाट २०००च्या दुरुस्तीने बुजवली.

म्हणजे कायदा बाजूने आहे. मग भांडण कशावरून होतं? एक, त्या वेळी हा माणूस कामावर होता का. दोन, तो नेमका कोणाच्या कामावर होता. या दोन प्रश्नांत आमची वर्षं जातात.

पहिला प्रश्न शाळेच्या बसला इतर गाड्यांपेक्षा जास्त छळतो, कारण या नोकरीचा दिवस मधोमध फाटलेला असतो. पहाटे साडेपाचला बस काढायची, सकाळच्या शिफ्टची मुलं सोडायची. मग दहा ते बारा काय? काही जण झाडाखाली बसमध्येच आडवे होतात, काही सीएनजीच्या रांगेत उभे राहतात, काही मालकाची दुसरी वर्दी मारून येतात, तर काही घरी जाऊन जेवून येतात. दुपारची शाळा सुटली की पुन्हा फेरी. रात्री बस मालकाच्या यार्डात लावायची, किंवा यार्ड नसेल (बहुतेकांना नसतंच) तर ड्रायव्हरच्या वस्तीजवळ मोकळ्या जागेत. मधल्या वेळात काही झालं की मालकाचा जबाब तयार असतो: "तेव्हा तो ड्युटीवर नव्हता."

या जबाबाला उत्तर मुंबईच्या एका बस ड्रायव्हरच्या खटल्यात आहे. जुलै १९५७मधली गोष्ट. बेस्टचा एक ड्रायव्हर संध्याकाळी जोगेश्वरी डेपोत बस लावून ड्युटी संपवून निघाला. सांताक्रूझला घरी जायला तो बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. अंधेरीजवळ ती बस रस्त्यात वेड्यावाकड्या उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली, हा बाहेर फेकला गेला आणि काही दिवसांनी हॉस्पिटलात वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅग्नेसने, भरपाई मागितली. बेस्ट म्हणाली, ड्युटी संपली होती, तेव्हा तो साधा प्रवासी होता. या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी दावा फेटाळला, हायकोर्टाने मान्य केला, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मे १९६३मध्ये तिथे दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. न्यायमूर्ती सुब्बाराव यांच्या बहुमताच्या निकालाचं सार असं: एवढ्या मोठ्या शहरात बससेवा वेळेवर आणि नीट चालायची तर ड्रायव्हरने वेळेवर पोचायला हवं आणि न थकता पोचायला हवं. त्याला बसमधून फुकट जाण्याची सवलत दिली आहे ती सेवेच्या सोयीसाठी. म्हणून ती सवलत वापरतानाही तो कामाच्या ओघातच असतो.

'बेस्ट विरुद्ध अ‍ॅग्नेस' हा निकाल मी कितीदा वाचून दाखवला असेल, देव जाणे. शाळाबसचा ड्रायव्हर मालकाचीच गाडी घराजवळ लावतो आणि पहाटे तीच काढायला निघतो. मालकाचं यार्डाचं भाडं वाचतं, राखण फुकट होते. हा सगळा व्यवहार मालकाच्या सोयीचा असेल, तर पहाटे पाचला बसकडे जाताना खड्ड्यात पडून मोडलेला हात ड्रायव्हरच्या खासगी खात्यात टाकता येणार नाही.

यात २९ जुलै २०२५ला सुप्रीम कोर्टाने आणखी भर घातली. प्रकरण आपल्याच उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचं. साखर कारखान्याचा एक रखवालदार एप्रिल २००३मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघात होऊन तो गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, औरंगाबाद खंडपीठाने ती काढून घेतली, आणि बावीस वर्षांनी सुप्रीम कोर्टाने परत दिली. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थितीचा नोकरीशी धागा जुळत असेल तर, या कायद्यात बसतो, असं कोर्टाने स्पष्ट केलं. चार महिन्यांत, २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. १९२३चा कायदा तिच्यात विलीन झाला आणि जाण्यायेण्याच्या वाटेवरचा अपघात आता कायद्याच्या शब्दांतच आला आहे. आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी हे नाव आलं, कलमांचे आकडे बदलले. भरपाईचा सांगाडा मात्र जुनाच आहे. आधी झालेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानेच चालतात, म्हणून इथे मी मुख्यतः त्याच भाषेत बोलतोय.

आता दुसरा प्रश्न. मालक कोण?

शाळा वाहतुकीचं कंत्राट एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याला देते. त्याच्या स्वतःच्या बस चार, पण रूट बारा. उरलेल्या बस तो इतरांकडून लावून घेतो. त्यातल्या एका बसचा मालक सातारला राहतो आणि त्याचा मेहुणा इथला कारभार बघतो. ड्रायव्हरला पगार मेहुणा देतो, रोख, दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास. सही घेतलीच तर कोऱ्या व्हाउचरवर. नेमणूकपत्र नाही, हजेरीचं मस्टर नाही, पगाराची पावती नाही. अपघात झाला की शाळा म्हणते, आमचा संबंध ट्रान्सपोर्टवाल्याशी. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, गाडी माझी नाही. गाडीमालक म्हणतो, मी गाडी कंत्राटाला दिली, ड्रायव्हर त्यांचा. आणि मेहुणा फोन उचलत नाही.

एक दावा इथे जरा सविस्तर सांगतो. माणूस चाळिशीचा, खेड शिवापूरकडचा, आधी ट्रकवर होता. सकाळची फेरी संपवून शाळेच्या भिंतीला बस लावली, तर मागचा आतला टायर बसलेला. दुपारी सुट्टीची घंटा व्हायच्या आत गाडी तयार हवी. त्याने जॅक लावला, पण खाली पेव्हर ब्लॉक, त्यात पावसाचे दिवस. जॅक तिरका झाला आणि उजवा घोटा चिरडला. दोन ऑपरेशनं झाली, पाय वाचला, पण घोट्याचा सांधा कायमचा जखडला. मालकाच्या वकिलाचा पहिला मुद्दा असा: टायर बदलणं हे ड्रायव्हरचं काम नव्हे, त्याने मेकॅनिकला बोलवायला हवं होतं. उलटतपासणीत मी मालकाला एवढंच विचारलं की बसमध्ये जॅक, पाना आणि स्टेपनी कोणासाठी ठेवली होती. दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता: हा आमच्याकडे नोकरीला होता याचा पुरावा काय?

पुरावा म्हणून आम्ही एका मुलीच्या आईला साक्षीला आणलं. विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, "यांचं नाव सांगा." ती म्हणाली, "काका." आडनाव? तिला ठाऊक नव्हतं. चार वर्षं रोज सकाळी तिने आपली मुलगी या माणसाच्या स्वाधीन केली होती, आणि तिच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर 'बस काका' म्हणून होता. वकिलांना वाटलं साक्ष पडली. पण त्याच मोबाईलमध्ये शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज होते: 'रूट चारची बस आज दहा मिनिटं उशिरा', 'रूट चारचे ड्रायव्हर बदलले असून त्यांचा नंबर पुढीलप्रमाणे'. ग्रुपचे अ‍ॅडमिन शाळेचे वाहतूक विभागाचे इनचार्ज. नंबर माझ्या अशिलाचा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालचं प्रमाणपत्र जोडून ते मेसेज पुराव्यात गेले, आणि 'आमचा संबंध नाही' म्हणणारी शाळा थेट भरपाई कायद्याच्या कलम १२च्या कक्षेत येऊन बसली.

कलम १२ असं सांगतं: आपल्या व्यवसायाचा नेहमीचा भाग असलेलं काम कोणी कंत्राटदाराकडून करून घेत असेल, तर कंत्राटदाराच्या माणसाला लागलेल्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावरही येते. पैसे दिल्यावर ते त्याने कंत्राटदाराकडून वसूल करावेत. जखमी माणसाने दारोदार फिरायचं नाही. शाळांचा ठरलेला बचाव असा की शिकवणं हे आमचं काम, बस चालवणं नव्हे. मला तो पटत नाही. महाराष्ट्रात शाळा बससाठी २०११चे स्वतंत्र नियम आहेत. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असावी, वाहतूकदाराशी ठरावीक नमुन्यातला करारनामा असावा, बसमध्ये परिचर असावा, असं ते नियम सांगतात. बसचं शुल्क शाळेच्या पावतीपुस्तकावर घेतलं जातं, बसच्या अंगावर शाळेचं नाव असतं. एवढं सगळं शाळेचं आणि ड्रायव्हर तेवढा परका, हे कसं? तरीही हा मुद्दा दर वेळी जिंकता येतो असं म्हणणार नाही. पालकांनी आपापल्या पातळीवर व्हॅन ठरवली असेल आणि शाळेने त्यात हातच घातला नसेल, तर शाळेला यात ओढणं कठीण असतं.

पगाराच्या हिशोबात या धंद्यातलं एक खास गणित दडलेलं आहे, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत आहे. भरपाई महिन्याच्या पगारावर ठरते. शाळाबसच्या ड्रायव्हरला मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक ठिकाणी पगारच मिळत नाही. मालकाचा वकील म्हणतो, वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम घ्या आणि बाराने भागा. बारा हजार पगार, दहा महिने, म्हणजे एक लाख वीस हजार भागिले बारा, म्हणजे महिना दहा हजार. दिसायला बिनतोड. पण बाराने भागायची पद्धत सलग बारा महिने नोकरी असलेल्या माणसासाठी आहे, आणि त्याच कलमात म्हटलंय की चौदा दिवसांहून जास्त खंड पडला की नोकरी सलग धरायची नाही. मे महिन्यात मालकानेच घरी बसवलं, तर खंड पडला. मग दुसरं सूत्र लागतं: शेवटच्या सलग काळात मिळालेला एकूण पगार, भागिले त्या काळातले दिवस, गुणिले तीस. उत्तर पुन्हा बारा हजार. सुट्टीत पगार न देण्याची मालकाची काटकसर अशी त्याच्यावरच उलटते.

या दोन हजारांनी काय फरक पडतो, ते बघा. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या साठ टक्के गुणिले वयानुसारचा गुणांक. चाळिसाव्या वर्षी गुणांक १८४.१७. बारा हजारांवर भरपाई येते १३,२६,०२४ रुपये. दहा हजारांवर ११,०५,०२०. मृत्यू झाल्यास साठऐवजी पन्नास टक्के. पगार कितीही असो, ३ जानेवारी २०२०च्या अधिसूचनेनुसार हिशोबाला जास्तीत जास्त पंधरा हजारच धरतात. त्याआधी दहा वर्षं ही मर्यादा आठ हजारांवर अडकून पडली होती. शहरातला अनुभवी ड्रायव्हर आज पंधरा हजारांत मिळत नाही. ही मर्यादा महागाईला बांधलेली नाही, सरकारला आठवण झाली की वाढते. मला विचाराल तर या कायद्यातला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

आणि 'पूर्ण' अपंगत्व म्हणजे काय? कायद्याच्या परिशिष्टात अवयवांची यादी आहे, प्रत्येकापुढे टक्के लिहिलेत. घोटा जखडणं त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या दुखापतीला कमाईची ताकद किती गेली हे डॉक्टरने सांगायचं असतं. सरकारी दाखल्यावर लिहिलं असतं 'अपंगत्व ३५ टक्के', आणि विमा कंपनी म्हणते, मग भरपाईही पस्तीस टक्के. पण दाखला शरीराचा आहे, कमाईचा नाही. १९७५मध्ये निकाल लागलेल्या एका खटल्यात सुताराचा डावा हात कोपराच्या वर गेला होता. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, नुकसान शंभर टक्के. २००८मध्ये के. जनार्दन या टँकर ड्रायव्हरच्या खटल्यात हाच न्याय गुडघ्यापासून उजवा पाय गेलेल्या माणसाला लागला. हायकोर्टाने नुकसान ६५ टक्क्यांवर आणलं होतं, सुप्रीम कोर्टाने शंभर टक्के केलं. माझ्या अशिलाच्या दाव्यात डॉक्टर साक्षीला आले तेव्हा मी त्यांना एकच गोष्ट विचारली: ब्रेक कोणत्या पायाने दाबतात आणि घोटा न वाकता तो दाबता येईल का. चाळीस मुलं मागे बसलेली असताना? डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं. आयुक्तांनी शंभर टक्के धरले.

यापलीकडे मिळणाऱ्या दोन गोष्टी लोक मागतच नाहीत. पहिली म्हणजे उपचारांचा खर्च. २००९च्या दुरुस्तीनंतर कामावरच्या दुखापतीवर प्रत्यक्ष झालेला खर्च मालकाने भरपाईखेरीज वेगळा द्यायचा असतो. म्हणून मेडिकलच्या दुकानातली शंभर रुपयांची पावतीसुद्धा फेकू नका. दुसरी, तात्पुरतं अपंगत्व. प्लॅस्टरमध्ये तीन महिने घरी बसलेल्या माणसाला दर पंधरवड्याला पगाराच्या पंचवीस टक्के मिळायला हवेत, म्हणजे महिन्याला अर्धा पगार. मालक ते देतो, पण 'उचल' म्हणून, आणि कामावर परतल्यावर कापून घेतो.

भरपाई महिन्याभरात दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनीवर टाकता येतं. दंड मालकाने खिशातून भरायचा असतो. हे कळल्यावर बरेच मालक तडजोडीला येतात.

तडजोडीचा कागद हा मात्र वेगळाच प्रकार. पाचशेच्या स्टँपवर लिहिलेलं असतं, 'मला चाळीस हजार रुपये मिळाले असून यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही.' ड्रायव्हर तो कागद कपाटात दडवून ठेवतो आणि माझ्याकडे येतो तेव्हा अपराध्यासारखा दाखवतो. खरं तर कलम १७नुसार हक्क सोडण्याचा असा करार रद्दच ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने परस्पर विधवेच्या हातात पैसे ठेवले तरी कायद्याच्या दृष्टीने, ठरावीक आगाऊ रक्कम सोडता, भरपाई दिली असं होत नाही. रक्कम आयुक्तांकडेच भरायची असते. नियम कडक आहे, पण सासर-माहेरच्या ओढाताणीत पैसा कुठे जातो हे पाहिलेल्या माणसाला तो कडक वाटणार नाही.

मालकांबद्दलही एक शब्द बोलायला हवा. दोन-तीन बसवाला मालक काही शेठ नसतो. गाडीचा हप्ता, पासिंग, टायर, वरून शाळेचं बिल दोन महिने थकलेलं. तेरा लाखांचा आदेश त्याच्यावर आला तर त्याला गाडी विकावी लागेल. म्हणून विमा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४७नुसार पगारी ड्रायव्हरच्या भरपाईची जबाबदारी सक्तीच्या विम्यातच येते. पॉलिसीत 'लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर' अशी ओळ असते आणि तिचा हप्ता नगण्य असतो. परिचर मावशींचं मात्र तसं नाही. त्या या ओळीत बसतात की नाही यावर विमा कंपन्या हटकून वाद घालतात. पॉलिसी घेताना ड्रायव्हरबरोबर मदतनिसाचाही हप्ता भरला, तर तो वाद पुढे उद्भवतच नाही. आपण ड्रायव्हरबद्दल एवढं बोलतो, पण चालत्या बसमध्ये उभी राहून मुलं सांभाळणारी ती बाई अचानक ब्रेक लागला की पहिली पडते.

विमा कंपन्यांची आणखी एक लाडकी सबब होती परवान्याची. छोट्या शाळाबसवरच्या ड्रायव्हरकडे हलक्या वाहनाचा परवाना असतो, 'ट्रान्सपोर्ट'चा वेगळा शेरा नसतो, तेवढ्यावर कंपनी हात वर करायची. ६ नोव्हेंबर २०२४ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलं की ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो. शाळेच्या व्हॅन आणि मिनीबस बहुतेक यात येतात.

स्वतःची व्हॅन स्वतःच चालवणाऱ्या काकांना हा कायदा लागूच होत नाही, कारण ते कोणाचे नोकर नाहीत. त्यांना आधार फक्त पॉलिसीतल्या मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा: मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला पंधरा लाख, एक हात किंवा एक पाय गेल्यास त्याच्या निम्मे. साध्या फ्रॅक्चरला काहीच नाही. आणि भाच्याने मामाची व्हॅन एक दिवस चालवायला घेतली, पगाराविना, तर तो नोकरही नाही आणि मालकही नाही. हे दावे मी घेतो, पण घरच्यांना फार आशा दाखवत नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात. दुसऱ्या वाहनाच्या चुकीने रस्त्यावर अपघात झाला असेल तर ड्रायव्हर मोटार अपघात न्यायाधिकरणात जाऊ शकतो. तिथे पंधरा हजारांची मर्यादा नाही, पण समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते. दोन्हींपैकी एकच वाट धरता येते, म्हणून अर्ज करण्याआधी विचार करा. ट्रान्सपोर्टवाल्याकडे दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार एकवीस हजारांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होऊ शकते. तिथे उपचारांबरोबर तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या नव्वद टक्के मिळतात, पण मग आमच्या कायद्याचा दरवाजा बंद होतो. रस्त्यावरच्या अपघातात सुरुवातीच्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना मे २०२५पासून आहे.

ज्यावर कायद्याचं बोट ठेवता येत नाही असंही बरंच काही उरतं. वीस वर्षं खड्ड्यांतून बस हाकून मणके घासलेल्या माणसाला मी रिकाम्या हाताने परत पाठवतो, कारण कंबरदुखी धंद्याच्या रोगांच्या यादीत नाही आणि तिला अपघाताची तारीख नसते. हृदयविकाराच्या झटक्याचं तळ्यात-मळ्यात असतं. २००६मध्ये गाडीवरच्या क्लीनरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कामाच्या ताणाचा पुरावा नाही म्हणून दावा नाकारला; २०१२मध्ये हजारभर किलोमीटर ट्रक चालवून कोसळलेल्या ड्रायव्हरच्या घरच्यांना भरपाई दिली. फरक पुराव्याचा. म्हणून अशा मृत्यूनंतर पोस्टमॉर्टेम टाळू नका, आणि आदल्या आठवड्यात त्याने किती फेऱ्या मारल्या ते कुठेतरी लिहून ठेवा.

२०१७पासून प्रत्येक मालकाला, माणूस कामावर ठेवतानाच त्याचा भरपाईचा हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी कळवणं बंधनकारक झालं. न कळवल्यास पन्नास हजार ते एक लाख दंड. असा कागद मी आजवर एकाही शाळाबस ड्रायव्हरच्या खिशात पाहिलेला नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत ड्रायव्हर थोडे असतील, पालक आणि शिक्षक जास्त. त्यांच्याकडे एक मागणं आहे. येत्या सत्रात शालेय परिवहन समितीची बैठक होईल तेव्हा बसमध्ये कॅमेरा आहे का हे विचारताना विम्याची पॉलिसीही मागा आणि त्यात ड्रायव्हर आणि परिचर दोघांचा हप्ता भरलाय का ते पाहा. पगार बँकेतून द्यायची अट करारनाम्यात घाला. काकांचं पूर्ण नाव विचारून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आणि एखाद्या सकाळी काकांऐवजी बदली ड्रायव्हर आला, काका हॉस्पिटलात आहेत असं कळलं, तर त्यांच्या घरच्यांना एवढंच सांगा: कशावरही सही करू नका, आणि दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे.